पाच गेले, चार परतले

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळ्याकडे निघालात, की वाटेत आरे आणि वारे ही जोडगावे लागतात. गाडी वळणावळणाने डोंगर चढते, आणि एका वळणावर एकदम सगळा समुद्र समोर येतो. खाली सुरूची बने, दोन बाजूंना दोन पुळणी, आणि पुढे नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. इथे आलेला माणूस क्षणभर गप्प होतो. मीही गप्प झालो होतो. परंतु त्या दिवशी माझ्या मनात देखावा नव्हता; एक बोट होती. ती या टेकडीवरून कोणी पाहिली असेल असे मला वाटत नाही. तरीपण ती इकडूनच गेली होती हे नक्की. मुंबईहून चीनला निघालेल्या बोटीला आधी दक्षिणेचीच वाट धरावी लागते. कोकणकिनारा डाव्या हाताला ठेवूनच ती जाणार.

त्या बोटीचे नाव ‘राजपुताना’. १ सप्टेंबर १९३८ रोजी ती मुंबई बंदरातून सुटली. तिच्यावर पाच हिंदी डॉक्टर होते. पाचांतला एक सोलापूरचा, वय वर्षे सत्तावीस. आज वाचकांसमोर त्याचीच हकीकत मांडायची आहे. नाव आपल्याला ठाऊक आहे : डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ‘ठाऊक आहे’ असे मी म्हणतो खरा. पण विचारून पाहा. बहुतेकांना सिनेमा आठवतो, एखादे गाणे आठवते, आणि ‘चीनमध्ये वारले’ एवढे आठवते. तिथे ते कोणत्या सैन्यात होते, काय करीत होते, आणि त्यांना परत येता आले असते की नाही, हे विचारले की आपण घुटमळतो.

या किनाऱ्याला परमुलखी शिपायांचे नवल नाही. आपल्या इतिहासात परदेशी सरदार काही कमी झाले नाहीत. सव्हॉय प्रांतात जन्मलेला डी बॉयन हा फ्रेंचांच्या, मग रशियाच्या, मग इंग्रज कंपनीच्या चाकरीत फिरून १७८४ साली महादजी शिंद्यांच्या पदरी राहिला. त्याने कवायती कंपू उभे केले, पाटण आणि मेडत्याच्या लढायांत नाव कमावले, आणि संपत्ती बांधून तो आपल्या शांबेरी गावी परतला. तिथेच १८३० साली तो वारला. तो शूर होता, कर्तबगार होता. पण तो चाकरीचा शिपाई होता. आता दुसरी बाजू बघा. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबई इलाख्याच्या पलटणींना पिढ्यान्पिढ्या माणसे पुरवली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुत-अल्-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. त्यांच्या शौर्याला तोड नाही. परंतु तो हुकूम इंग्रज सरकारचा होता, आणि घरी येणारी मनिऑर्डर हा त्या नोकरीचा मोठा आधार होता. यात कमीपणा काही नाही. पोट हे कोकणाला चांगले माहीत आहे.

पण तिसराही एक प्रकार असतो. ज्याला कोणी बोलावणे धाडले नाही, ज्याला पगाराची ओढ नाही, ज्याच्या देशाचे ते युद्धच नाही, असा माणूस आपण होऊन दुसऱ्याच्या युद्धात जातो. १९३० नंतरची दहा-बारा वर्षे अशा माणसांची होती. स्पेनमध्ये देशोदेशींचे तरुण गेले. १९३९-४० च्या हिवाळ्यात रशियाने फिनलंडवर स्वारी केली, तेव्हा शेजारच्या स्वीडनमधून हजारो स्वयंसेवक सरहद्द ओलांडून मदतीला धावले. त्यांत काउंट कार्ल गुस्ताफ फॉन रोझेन नावाचा एक वैमानिक होता. त्याचा जन्म १९०९ चा, म्हणजे आपल्या कोटणिसांहून तो एकाच वर्षाने मोठा. १९३५-३६ मध्ये इटलीने अबिसीनियावर चढाई केली, तेव्हा तो रेड क्रॉसचे विमान चालवून जखमींना मदत करीत होता. फिनलंडमध्ये मात्र त्याने एका प्रवासी विमानाला बॉम्ब लावले आणि तो हल्ला करायला निघाला. पुढे बियाफ्रामध्येही आधी अन्न पोचवले, मग १९६९ साली लहानशा विमानांना रॉकेटे लावली. १९७७ मध्ये इथिओपियात, गोडे गावी, युद्धातच त्याचा अंत झाला. दयेने निघालेल्या माणसाला शेवटी वाटू लागते, की नुसत्या मलमपट्टीने काही भागत नाही. मारणाऱ्याचा हात धरला पाहिजे. हा मोह लहान नाही, आणि त्याला सरसकट दोष देणेही सोपे नाही.

कोटणीस दुसऱ्या वाटेने गेले. सैन्यात गेले, गणवेश घातला, शत्रूच्या वेढ्यात राहिले. पण शेवटपर्यंत त्यांचे काम एकच राहिले, जखमा शिवण्याचे आणि जखमा शिवणारे तयार करण्याचे.

आता मूळ हकीकतीकडे वळू. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड युद्ध सुरू केले. चीनमध्ये जखमींची संख्या अफाट, आणि शिकलेले डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ३० जून रोजी देशाला आवाहन केले. जुलैमध्ये ‘चीन दिन’ पाळून बावीस हजार रुपये जमवले गेले. लक्षात घ्या, आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. ज्याच्या स्वतःच्या घराला कुलूप दुसऱ्याचे, तो शेजाऱ्याचे घर जळताना पाण्याची घागर घेऊन निघाला होता.

या पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनलाल अटल. ते नुकतेच स्पेनच्या युद्धात काम करून आलेले. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे दोघे, डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे कोटणीस. पाचांत दोन मराठी माणसे होती, हेही आपण विसरतो.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरातला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. त्यांचे सोलापूर म्हणजे साधेसुधे गाव नव्हे. १९३० साली तिथे लष्करी कायदा लागला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे चार देशभक्त फासावर गेले होते. अशा गावच्या मुलाला सरकारी छत्राखालची सुखाची प्रॅक्टिस पुरेशी वाटली नाही, यात आश्चर्य कसले?

सप्टेंबरात पथक कँटनला उतरले. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तिथून हँकाव, मग यांगत्से नदीने वर चुंगकिंग. जपानी फौजा मागून शहरामागून शहर घेत येत होत्या. चुंगकिंगला असताना दोन गोष्टी घडल्या. पहिली नामकरणाची. शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्रमुख तान युनशान यांनी या डॉक्टरांना चिनी नावे सुचवली आणि प्रत्येकाच्या नावाअखेर ‘ह्वा’ हे अक्षर जोडले. ‘ह्वा’ म्हणजे चीन. कोटणिसांचे झाले ‘के दीह्वा’. दुसरी गोष्ट दुःखाची. सोलापुराहून वडील वारल्याची बातमी आली.

वाचकहो, इथे थोडे थांबा. आपल्यापैकी कितीजण परगावी असताना अशी तार हातात घेऊन उभे राहिले असतील! तार आली की माणूस पहिली गाडी पकडतो. सोबत्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. गेले असते तर कोणीही बोल लावला नसता. उलट न जाण्यालाच आपल्याकडे बोल लागतो. कोटणीस गेले नाहीत. मला या निर्णयाचे सरसकट कौतुक करवत नाही. घरी आई होती, भावंडे होती. देशासाठी किंवा जगासाठी घर सोडणाऱ्यांची चरित्रे लिहिताना आपण घराचा खर्च हिशेबात धरत नाही. तो धरला पाहिजे. धरल्यावरही जे उरते, त्यालाच मोठेपणा म्हणावे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. हा उत्तरेतला पिवळ्या मातीचा डोंगराळ मुलूख. माणसे डोंगरात कोरलेल्या गुहांत राहत, दवाखानेही गुहांतच. इथून ते आठव्या मार्गसेनेच्या सेवेत रुजू झाले. आता हे सैन्य कोणाचे, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हे चिनी कम्युनिस्टांचे सैन्य. त्या वेळी जपानशी लढण्यासाठी च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रीय सरकारशी त्यांचा समझोता झालेला होता. पण तो पुढे पुढे विरत गेला, आणि औषधांच्या वाटाही आवळल्या गेल्या. जपान्यांचा वेढा बाहेरून, आपल्यांचा संशय आतून, अशा कात्रीत ते दवाखाने चालत.

त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी मायदेशी परतले. वर्षअखेर अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे गेले, आणि १९४० मध्ये अटलही परत आले. उरले दोघे. ते जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या शान्सी-चाहार-होपे या सरहद्द प्रदेशात गेले. तिथले सेनापती न्ये रुंगचन. याच प्रदेशात कॅनडाचे थोर शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. बेथ्यूनही स्पेनहून आलेले. खेचरांच्या पाठीवर मावेल असे शस्त्रक्रियेचे सगळे सामान त्यांनी बसवून घेतले होते. पण ही भेट व्हायची नव्हती. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्तात विष भिनले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून गेले. आपल्या डॉक्टरांना त्यांची समाधीच पाहायला मिळाली.

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्गसेनेने जपान्यांच्या रेल्वे आणि ठाण्यांवर मोठी मोहीम काढली. तिला ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ म्हणतात. कोटणीस आणि बसू यांनी आघाडीचे दोन भाग वाटून घेतले. त्या धुमाळीत कोटणिसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. बहात्तर तास झोप न घेता ते शस्त्रक्रिया करीत राहिले. वाचकांत जे कोणी डॉक्टर असतील, त्यांना हा आकडा मी समजावून सांगायला नको. इतरांनी एवढेच करावे : तीन रात्री आणि तीन दिवस नुसते जागे राहून पाहावे, आणि मग हातात सुरी धरून दुसऱ्याच्या पायातली गोळी काढायची आहे, अशी कल्पना करावी.

पण माझ्या मते त्यांची खरी लष्करी कामगिरी ही नव्हे. बहात्तर तासांची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून ती सगळे सांगतात. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमले. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात हे रुग्णालय म्हणजे एक दगडी इमारत आणि पाटी असे काही नव्हते. जपानी तुकड्यांचा सफाईचा हल्ला आला, की रोगी, सामान, विद्यार्थी सगळे घेऊन डोंगरातून दुसऱ्या गावी जायचे. शेतकऱ्यांच्या घरांत खाटा टाकायच्या. अशा स्थितीत तिथे वैद्यकीय शाळाही चालू होती, आणि कोटणीस तिथे शिकवत होते, तेही चिनी भाषेत. खेड्यातल्या बायका-पोरांशी बोलता येईल, आजारी माणसाचे गाऱ्हाणे कळेल आणि विद्यार्थ्याला शरीररचना सांगता येईल, इतकी ती भाषा त्यांनी दोन वर्षांत कमावली. शस्त्रक्रियेवरचे एक पाठ्यपुस्तकही ते लिहीत होते. लोक त्यांना ‘के दाइफू’ म्हणत. दाइफू म्हणजे डॉक्टर. आपल्याकडे ‘आमचे डॉक्टर’ म्हणतात ना, अगदी तसे.

विचार करा, एक शल्यविशारद दिवसाला किती माणसे वाचवील? दहा, फार तर वीस. पण त्याने शिकवून तयार केलेले विद्यार्थी दहा आघाड्यांवर गेले, तर तो माणूस दहा ठिकाणी एकाच वेळी उभा राहतो. सैन्याची भाषा वापरायची तर, एका शिपायाने पलटण उभी केली. डी बॉयननेही पलटणी उभ्या केल्या होत्या. या दोन पलटणींत काय फरक, तो वाचकांनीच ठरवावा.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी कुओ छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचन यांनी त्याचे नाव ठेवले ‘यिनह्वा’. ‘यिन’ म्हणजे हिंद, ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. हे कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही. पण चरित्रातून ते गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते पाहुणे म्हणून गेले होते, आणि आता पाहुणे राहिले नव्हते.

शरीर मात्र साथ देत नव्हते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. वरिष्ठांनी विश्रांतीसाठी आणि उपचारांसाठी बाहेर जाण्याचा आग्रह केला. त्यांनी तो मानला नाही. डॉक्टर स्वतःच्या बाबतीत सर्वांत वाईट रोगी, असे आपण थट्टेने म्हणतो. इथे ती थट्टा उरत नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी होपे प्रांतातल्या थांग तालुक्यात, एका खेड्यात, त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे. टेबलावर पुस्तक अपुरे. बसू १९४३ मध्ये परतले. पाच गेले, चार परतले.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्रीबाई छिंगलान झाल्या. देश त्या कथेने भारून गेला. मग आले १९६२ साल. हिमालयात ज्या दोन देशांच्या फौजा एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या, त्या दोन देशांची नावे एकत्र धारण करणारा तो मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. तो वैद्यकी शिकत होता. १९६७ साली, शिक्षण पुरे व्हायच्या आतच, तोही गेला. छिंगलानबाई २०१२ पर्यंत होत्या. त्या अनेकदा सासरच्या देशी येऊन गेल्या.

शीच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या उद्यानात कोटणिसांची समाधी आणि पुतळा आहे. बेथ्यूनही तिथेच आहेत. हयातीत चुकलेली भेट अशी मातीत झाली. सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे. चीनचे नेते हिंदुस्थानात आले, की कोटणीस कुटुंबाची आठवण काढतात. दोन सरकारांचे पटत असले की कोटणिसांचे नाव भाषणात येते. बिनसले की ते मागे पडते. मला वाटते, यात त्या माणसावर अन्याय होतो. तो काही दोन सरकारांमधला तह नव्हता, की मोडला म्हणून रद्द व्हावा. ज्या शेतकऱ्याच्या पोराचा पाय त्याने वाचवला, त्याला सीमारेषा कुठली ते ठाऊक नव्हते. आणि डॉक्टरने ते विचारलेही नव्हते.

कोणी म्हणेल, आपल्याच देशात रोगी थोडे होते का? कोकणात, सोलापुरात, माणदेशात डॉक्टरांवाचून माणसे मरत नव्हती का? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळू नये. याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही, अर्धे आहे. जो माणूस परक्याच्या दुःखाला आपले म्हणायला शिकतो, तो आपल्यांचे दुःख कमी लेखत नाही. आपलेपणाची हद्दच तो पुढे सरकवतो. हद्द पुढे सरकवणारे थोडे असतात, आणि त्यांची किंमत त्यांच्या घरच्यांनी मोजलेली असते. म्हणून अशा माणसाला हार घालताना त्याच्या आईलाही एक नमस्कार करावा.

आणि ती ‘राजपुताना’ बोट? दुसरे महायुद्ध लागल्यावर इंग्रजांनी तिच्यावर तोफा चढवून तिला आरमारात घेतले. १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलंडजवळच्या थंड समुद्रात जर्मन पाणबुडीने ती बुडवली. पाच डॉक्टरांना घेऊन गेलेली बोटही युद्धात गेली आणि परतली नाही. तेव्हा कोटणीस होपेच्या डोंगरात विद्यार्थ्यांना शिकवीत होते.

आरे-वाऱ्याच्या टेकडीवर पुन्हा कधी गेलात, आणि संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकताना पाहिलात, तर एवढे आठवा. या समुद्राने परक्यांना इकडे आणले. कोणी व्यापाराला आले, कोणी लुटीला, कोणी चाकरीला. याच समुद्राने एकदा आपले पाच जण बाहेर नेले. ते औषधाची पेटी घेऊन गेले होते. किनाऱ्यावर उभे राहून वाट पाहणे कोकणाला नवे नाही. गेलेला परतला नाही, तरी तो कुठे गेला आणि कशासाठी गेला, एवढे तरी किनाऱ्याने विसरू नये.